जुने हलके विमान ओढताना

यवतमाळनजीक भारी येथे विमानांसाठी धावपट्टी आहे. तेथे उतरणारे एखादे लहान विमान पावसाळ्यात पट्टीची कड सोडून काळ्या मातीत रुतले, तर प्रथम मदतीस धावतील ते आसपासच्या गावांतील लोक, आणि त्यांच्याजवळ साधन असेल ते ट्रॅक्टर व दोर. हेतू चांगलाच, परंतु दोर कोठे बांधला यावर ते विमान पुन्हा उडेल की नाही हे ठरते. विमान जुने असेल तर हा प्रश्न अधिकच बिकट होतो.

उदाहरणादाखल ‘पुष्पक’ घेऊ. डॉ. विष्णु माधव घाटगे यांच्या मार्गदर्शनाखाली बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यात तयार झालेले हे दोन आसनी विमान 1958 साली प्रथम उडाले. पुढे अशी सुमारे दीडशे विमाने बनली आणि देशभरातील फ्लाइंग क्लबांत अनेक वैमानिकांनी त्यांवर धडे गिरविले. पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर ताणलेले कापड, 90 अश्वशक्तीचे इंजिन आणि रिकामे वजन अवघे चारशे किलोंच्या आसपास. आपली भरलेली बंडी याहून जड असते! म्हणूनच ते ओढणे सोपे वाटते, आणि घात होतो तो येथेच.

अशा विमानाला पुढे दोन मोठी चाके व शेपटीखाली एक लहान चाक असते. पुष्कळ विमानांत हे मागचे चाक स्प्रिंगांनी सुकाणूला जोडलेले असते. टो-बार, म्हणजे ओढण्याची दांडी, या चाकाच्या आखाच्या दोन्ही टोकांत अडकवितात व विमान शेपटीकडून हळूहळू नेतात. चाक एकदम आडवे वळविले तर त्याचा ताण स्प्रिंगांवर आणि सुकाणूवर येतो. नाकाखाली चाक असलेल्या विमानांनाही मर्यादा आहेच; सेस्ना 172 चे पुढील चाक ओढताना दोन्ही बाजूंस 30 अंशांपलीकडे वळवू नये, असे तिच्या पुस्तिकेत बजावले आहे.

आता सुट्या भागांविषयी. येथे एक भेद नीट ध्यानी घ्यावा. टो-बार विमानाबरोबर उडत नाही. ते जमिनीवरचे साधन. मापे अचूक घेतली तर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील कुशल निदेशक ते जाड नळीपासून बनवू शकेल. मोठ्या विमानांच्या दांडीत मुद्दाम एक कच्ची खीळ ठेवतात. ताण वाढला की ती तुटते आणि चाक वाचते. ही युक्ती लहान दांडीतही घेण्याजोगी आहे. मात्र ज्यात दांडी अडकते तो आख, चाकाचा चिमटा, त्यांचे बोल्ट हे विमानाचे अवयव आहेत. ते गावच्या लेथवर कितीही सुबक उतरले तरी चालत नाहीत. मान्यताप्राप्त कागदपत्रांसह आलेला भागच परवानाधारक अभियंता बसवितो. ‘पुष्पक’ अमेरिकेच्या एरोन्का चीफशी मिळतेजुळते आहे, पण साम्य म्हणजे मान्यता नव्हे. शोध विमानाच्या नावावरून न घेता भागांच्या सूचीतील क्रमांकावरून घ्यावा. कारण एकाच कारखान्याचे शेपटीचे चाक अनेक जातींच्या विमानांना बसविलेले असते.

हे खटाटोप व्यर्थ नाहीत. जे. आर. डी. टाटांनी 1932 मधील कराची–मुंबई टपाल उड्डाणाची आठवण 1982 साली जुन्या लेपर्ड मॉथमधून पुन्हा जागविली, तेव्हा ते 78 वर्षांचे होते. हवाई दलाचे टायगर मॉथ इंग्लंडमध्ये दुरुस्त होऊन 2012 साली हिंडन येथे आकाशात झेपावले.

पुन्हा त्या रुतलेल्या विमानाकडे वळू. इंजिन बंद असले तरी पंख्याला हात लावू नये. मॅग्नेटोला बॅटरी लागत नाही. पंखा थोडा फिरला तरी इंजिन पेट घेऊन हात तोडू शकते. पंखाच्या टोकास किंवा कापडावर जोर देऊ नये. चाकांपुढची माती उकरून फळ्या घालाव्यात, दोर दोन्ही मोठ्या चाकांच्या पायांशी बुडाजवळ सारखा बांधावा आणि ट्रॅक्टर न जोडता माणसांनीच वैमानिकाच्या सांगण्याप्रमाणे ओढावे. मात्र अपघात झाला असेल, तर माणसांची सुटका व आग विझविणे एवढेच करून विमान जागचे हलवू नये. परवानगी येईपर्यंत पोलीस पाटलांनी तेथे पहारा ठेवावा.