हेअर जिग : गळावर केस बांधण्याचं इंजिनीअरिंग

‘जिग’ म्हटलं की आपल्या मेकॅनिकलवाल्यांना लगेच ‘जिग्ज अ‍ॅण्ड फिक्स्चर्स’ आठवतं. घाबरू नका मंडळी, हा तो जिग नव्हे! मासेमारीतला जिग म्हणजे डोक्याशी वजन असलेला गळ. त्या वजनाच्या मागे केसांचा झुबका बांधला की झाला ‘हेअर जिग’. अमेरिकेत गोड्या पाण्यातले बास, क्रॅपी, वॉलाय हे मासे पकडायला तो पिढ्यानपिढ्या वापरतात. तिकडे पांढऱ्या शेपटीच्या हरणाचे शेपटीचे केस बांधतात, नाहीतर ‘माराबू’ नावाचं मऊ पीस. (माराबू हा खरं तर करकोचा, पण हल्ली त्या नावाने विकलं जातं ते टर्कीचं पीस!) आपल्याकडची मरळ आणि चिलापीसुद्धा अशा गळावर येतात. आणि मुख्य म्हणजे हा घरी बांधता येतो.

तो चालतो कसा?

साध्या गळात दोरी ओवायचं नेढं दांडीच्या रेषेत असतं. जिगच्या गळाची दांडी नेढ्याजवळ ६० किंवा ९० अंशांत वाकवलेली असते आणि वजन त्या वाकणाशीच बसतं. त्यामुळे पाण्यात वजन खाली, नेढं वर आणि गळाचं टोक आभाळाकडे. म्हणून तो तळाच्या दगडांत कमी अडकतो.

आता केस कशाला? रबरी किडा हलवला तर हलतो. केस मात्र गळ थांबल्यावरही हलत राहतात. दोरी ओढली की झुबका मिटतो, सोडली की फुलतो, अगदी श्वास घेतल्यासारखा. थंड पाण्यात रबर कडक होतं, केस होत नाहीत; म्हणून थंडीत तिकडे याला जास्त मागणी. शिवाय केसांचा पाण्याला विरोध होतो, म्हणजे तोच आपला ड्रॅग. केस जास्त, तर जिग हळू बुडणार. पण फार जास्त बांधले तर आतले केस हलतच नाहीत, नुसता ब्रश तयार होतो. थोडक्यात नियम असा, की कमी केस, जास्त जीव.

वजनाचा प्रश्न (हा भाग सोडू नका!)

परंपरेने जिगचं डोकं शिशाचं असतं. शिसं स्वस्त, जड आणि ३२७ अंश सेल्सिअसला वितळणारं, त्यामुळे घरच्या घरी साच्यात ओतायचा मोह होतो. हॉस्टेलच्या रूमवर हे अजिबात करायचं नाही! वितळलेल्या शिशावर जमणारी राख आणि धूळ हाताला, चादरीला, डब्याला लागते आणि पोटात जाते. शिशाची अमुक इतकी मात्रा सुरक्षित, असं शास्त्राला माहीतच नाही. आणि साच्यात पाण्याचा एक थेंब जरी राहिला तरी त्याची क्षणात वाफ होते. वाफ पाण्याच्या साधारण १७०० पट जागा मागते, म्हणजे गरम धातू थेट तोंडावर. लॅबमधल्या ६०/४० सोल्डरचाही विचार नको. त्यात ४० टक्के शिसंच असतं.

पाण्यात तुटून राहिलेलं शिसं पक्ष्यांनाही मारतं. इंग्लंडमध्ये हंस मरायला लागले तेव्हा १९८७ मध्ये बहुतेक छोट्या शिशाच्या वजनांवर बंदी आली. अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर राज्याने ‘लून’ या पाणपक्ष्यासाठी २००० सालापासून तलावांत छोटे शिशाचे जिग बंद केले आणि २०१६ मध्ये ती मर्यादा एक औंसापर्यंत, म्हणजे २८ ग्रॅमपर्यंत वाढवली.

मग पर्याय काय? गणित करू. शिशाची घनता ११.३, कथलाची ७.३ आणि टंगस्टनची १९.३ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर. तेवढ्याच वजनाचं डोकं कथलाचं केलं तर व्यास वाढतो फक्त १६ टक्के! (घनमूळ काढून बघा.) टंगस्टनचा ५ मिलिमीटरचा मणी, भोक आणि खाच वजा जाता, साधारण एक ग्रॅम भरतो. चिलापीसाठी तेवढं पुरतं. म्हणजे शिशावाचून आपलं काहीच अडत नाही.

साहित्य

जिगचा छोटा गळ, खाचेचा टंगस्टन मणी, पॉलिएस्टरचा शिवणाचा धागा, पारदर्शक नेलपॉलिश, कात्री, हॅण्ड व्हाइस. केसांसाठी बकरीचे केस (शॅम्पूने धुऊन, वाळवून) किंवा जुन्या टेडी बेअरची फर. चितळ, सांबर किंवा मुंगसाचे केस कुणी दिले तरी घेऊ नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे.

कृती

१. गळाचा काटा पक्कडीने दाबून टाका. मासा सोडणं सोपं जातं, आणि आपलं बोटही!

२. मण्याचं बारीक भोक गळाच्या टोकातून ओवा आणि खाच वाकणावर बसवा. गळ व्हाइसमध्ये धरा.

३. मण्याच्या मागे दांडीवर धाग्याचे दहा-बारा घट्ट वेढे द्या. नुसत्या गुळगुळीत दांडीवर केस घसरतात.

४. काडेपेटीच्या काडीइतक्या जाडीचा झुबका घ्या. बुंध्याशी असलेली लव विंचरून काढा. लांबी गळाच्या साधारण दीडपट ठेवा.

५. झुबका वर ठेवून आधी दोन सैल वेढे, मग खाली ओढून घट्ट करा. पहिलाच वेढा घट्ट दिला तर केस दांडीभोवती फिरतात. असाच एक अर्धा झुबका खालच्या बाजूला.

६. पुढे आलेले बुंधे तिरके कापा आणि धाग्याने झाका.

७. शेवट क्रिकेट बॅटच्या मुठीच्या दोऱ्यासारखा करायचा. वेगळ्या धाग्याचा फास आडवा ठेवा, त्यावरून सहा वेढे द्या, टोक कापून फासात ओवा आणि फास ओढा. टोक वेढ्यांखाली गडप! कॉन्व्हेंटमध्ये नीडलवर्कच्या तासाला बसलेल्यांना हे पटकन जमेल. वर नेलपॉलिशचे दोन हात, आणि रात्रभर वाळू द्या.

टेस्टिंग

झुबका चिमटीत धरून ओढा. दोन-तीन केस सुटले तर चालतं. अख्खा झुबका सरकला तर धागा सोडून पुन्हा बांधा. मग हॉस्टेलची बादली भरा आणि जिग आत सोडा. केस भिजले की दोरीने थोडा उचलून थांबवा. थांबल्यावरही टोकं हलली तर जिग पास. नाही हलली तर केस कमी करा.

शेवटचं. धरणावर किंवा तलावावर मासेमारीचा ठेका बहुतेक वेळा स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. त्यांना विचारूनच गळ टाका. ते पाणी त्यांच्या पोटाचं आहे. तुटलेली नायलॉनची दोरी खिशात घालून परत आणा.

तर मग, सबमिशन संपली की लागा कामाला!