आधी रविवार, मग संप

प्रश्न : नातू सेमी-इंग्रजी चौथीत आहे. त्याला कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्यावरची मराठी-इंग्रजी चित्रकथा आणून दिली. पठ्ठ्या फक्त इंग्रजी ओळी वाचतो. दोन भाषांनी मुलाचा गोंधळ होतो का? शिवाय 'संप, युनियन हे या वयात कशाला?' असं सूनबाई म्हणतात.
– एक आजोबा, ठाणे

उत्तर : आजोबा, निर्धास्त राहा. दोन भाषांनी मूल गोंधळत नाही. सोपी वाटते ती आधी उचलतं, इतकंच. संवादाचा प्रत्येक फुगा दोनदा वाचून घेऊ नका, मजाच जाईल. एक पान त्याने इंग्रजीत वाचावं, पुढचं तुम्ही मराठीत, मोठ्याने. कधी मराठी ओळीवर कागद ठेवा आणि चित्रातला कामगार काय म्हणत असेल, ते त्यालाच बोलू द्या.

सूनबाईंची शंका रास्त आहे, पण सुरुवात संपापासून कशाला? रविवारपासून करा. मुंबईच्या गिरणी कामगारांना तेव्हा हक्काची साप्ताहिक सुट्टी नव्हती. लोखंडे यांनी 1884 मध्ये 'बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन' उभी केली. तिने सुट्टीची मागणी लावून धरली आणि 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. सुट्टीच नाही म्हणजे काय, हे चौथीतल्या पोराला समजावून सांगावं लागत नाही.

एक मात्र सांभाळा. फुग्यातली वाक्यं बहुधा चित्रकथाकाराने रचलेली असतात. ती लोखंडे यांचे उद्गार म्हणून वहीत उतरू नयेत. 'साऱ्या देशाला रविवार त्यांनी दिला' हेही अंमळ जास्तच. सरकारी कचेऱ्यांना तो आधीपासून होता, हा लढा गिरणी कामगारांसाठी होता. पुस्तकात तसं छापलेलं आढळलं, तर पेन्सिल नातवाच्या हाती द्या.