चार्जर लपवण्याआधी

"रात्रभर लावला होता ना चार्जिंगला? मग चाळीसच टक्के कसे? म्हणजे पांघरुणात पाहत बसला होतास!"

असं आपण सगळेच कधी ना कधी म्हणतो. सकाळची घाई असते, कुकर शिट्ट्या देत असतो, कोणाला शेतावर तर कोणाला ऑफिसला निघायचं असतं. पोराचा क्लास आठला आणि टॅबची बॅटरी लाल. अशा वेळी पहिला संशय पोरावर जातो. तेही चिडतं, "मी हातसुद्धा लावला नाही" म्हणतं आणि न खाताच उठून जातं.

पुष्कळदा ते खरंच बोलत असतं.

चार्जरच्या डोक्यावर, पिनांच्या जवळ, अगदी बारीक अक्षरांत 'आउटपुट' लिहिलेलं असतं. जुन्या साध्या फोनचा चार्जर असेल तर तिथे ५ व्होल्ट, १ अँपिअर दिसेल. दोन्हींचा गुणाकार केला की ५ वॅट. आता आठेक हजार एमएएचचा टॅब पूर्ण भरायला साधारण तीस वॅट-तास वीज लागते. टॅब बंद ठेवला आणि वायर चांगली असली तरी या चार्जरला सात-आठ तास लागणारच. बारीक नळाखाली मोठी टाकी ठेवल्यासारखं आहे हे. वायर आतून तुटत आलेली असेल तर आणखी वेळ. त्यातच रात्री दोन तास लाईन गेली तर सकाळी चाळीस टक्केही नशीब म्हणायचं. आणि क्लास चालू ठेवून लावला तर जितकी वीज आत येते तितकी स्क्रीन आणि इंटरनेटच खाऊन टाकतात, आकडा जागचा हलत नाही.

तेरा-चौदा वर्षांच्या लेकराला मार लागलेला विसरता येतो, पण खरं बोलूनही खोटं ठरवलं गेलं हे ते विसरत नाही. पुढच्या वेळी ते सांगायलाच येत नाही. म्हणून म्हणते, रागावण्याआधी एकदा चार्जरवरची ती बारीक अक्षरं वाचूया.

आपल्या भागात कितीतरी घरांत टॅब विकत न घेताच आला आहे. नागपूरची महाज्योती संस्था दहावी झालेल्या ओबीसी, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांना जेईई, नीट, सीईटीच्या तयारीसाठी मोफत टॅब आणि रोजचा ६ जीबी डेटा देते. बाकीच्यांच्या घरी सोयाबीन विकल्यावर, दिवाळीच्या सुमारास टॅब येतो. तो घेताना आपण चार जणांना विचारतो, दुकानं फिरतो. त्याच्यासोबतचा चार्जर मात्र चार-सहा महिन्यांत बिघडतो किंवा हरवतो, आणि मग ड्रॉवरमधला कुठलाही लावला जातो, नाहीतर जाता जाता बसस्टँडसमोरून एक उचलला जातो. पिन बसली म्हणजे चार्जर जुळला, असं आपण धरून चालतो.

नवा घेणार असाल तर सी-टाईपच घ्या. युरोपात २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या फोन-टॅबला हीच पिन सक्तीची झाली आहे, आयफोनसुद्धा २०२३ च्या १५ नंबरच्या मॉडेलपासून याच पिनवर आला. भारतीय मानक ब्युरोनेही सी-टाईपसाठी मानक ठरवलं आहे. म्हणजे आज घेतलेली चांगली वायर टॅब बदलला तरी घरात चालत राहील, आणि घरी आलेल्या पाहुण्यांनाही उपयोगी पडेल.

दुकानात एक गोष्ट नक्की बघा. फोनचे चार्जर आणि पॉवर बँक यांची मानक ब्युरोकडे नोंदणी सक्तीची आहे. खऱ्या मालावर ब्युरोचं चिन्ह आणि इंग्रजी 'आर' अक्षरापुढे आठ आकडी क्रमांक असतो. 'बीआयएस केअर' नावाच्या सरकारी ॲपमध्ये तो टाकला की कोणत्या कंपनीचा, कोणत्या वस्तूसाठी तो क्रमांक आहे ते समोर येतं. हे काम पोराच्या हातात द्या. पोरं हे आपल्यापेक्षा पटकन करतात, आणि घरातल्या एका खरेदीत आपलं मत मोजलं गेलं याचं त्यांना फार अप्रूप असतं.

मोठ्या वॅटच्या चार्जरची भीती बऱ्याच जणांच्या मनात असते. ४५ वॅटचा लावला तर बॅटरी फुगेल, असं आपण मुलांनाही सांगतो. नोंदणी असलेल्या चांगल्या चार्जरच्या बाबतीत तसं होत नाही. चार्जर आणि फोन आधी आपसात ठरवतात आणि फोन त्याला झेपेल तेवढीच वीज घेतो. उलट अडचण अशी की वनप्लस, ओप्पो, रिअलमी, विवो यांच्या बऱ्याच फोनांना पूर्ण वेग हवा असेल तर त्यांचाच चार्जर आणि बऱ्याचदा वायरही त्यांचीच लागते. दुसऱ्याने फोन चार्ज होतो, पण सावकाश. आणि दोन तोंडांच्या चार्जरला दोघांचे फोन लावले की वॅट वाटले जातात. ताई म्हणते दादाने माझं चार्जिंग खाल्लं, तर तेही काही अगदीच खोटं नसतं.

आता चार्जर लपवण्याबद्दल.

पोरगं ऐकत नाही, पुस्तक उघडत नाही, मग आपण चार्जर काढून घेतो. कोणी कपाटात ठेवतं, कोणी पर्समध्ये घालून ड्युटीवर घेऊन जातं. थकून घरी आल्यावर तासभर समजावण्याचं बळ कोणात असतं? चार्जर उचलणं सोपं. त्यामागे काळजीच असते, हे मलाही कळतं. डोळे खराब होतील, अभ्यास बुडेल, कोणाशी बोलतो कोण जाणे.

पण पोराच्या बाजूने बघा. त्याचा क्लास, नोट्स, टेस्ट सीरिज, मित्राने पाठवलेला गृहपाठ, सगळं त्याच टॅबमध्ये आहे. चार्जर गेला की ते टक्के मोजत जगतं. बावीस, अठरा, अकरा. टेस्ट चालू असताना चार टक्के उरले की त्याचं लक्ष गणितात राहत नाही. आणि मग ते मार्ग शोधतं. मित्राकडून कुठलातरी नंबर नसलेला चार्जर आणतं, रात्री सगळे झोपल्यावर उशीखाली नाहीतर गोधडीत ठेवून चार्जिंगला लावतं. गादीत उष्णता कोंडून राहते, लिथियमची बॅटरी तापते, फुगते, पेटूही शकते. ज्या सुरक्षिततेसाठी आपण चार्जर लपवला तीच आपण घालवून बसतो.

माझं मत विचाराल तर वेळ ठरवा, स्क्रीन मर्यादित करा, जे काही ठरवायचं ते ठरवा, पण चार्जर शिक्षेत आणू नका. त्याऐवजी बैठकीत किंवा देवघराजवळच्या टेबलावर चार्जिंगची एक जागा करा. रात्री दहा वाजता घरातले सगळे फोन तिथे. सगळे म्हणजे आपलेही. इथेच आपण अडतो, कारण दिवसभराचे निरोप आणि रील आपण अंथरुणातच बघतो. पोरं "अलार्म लावायचा आहे" म्हणतील. त्यांना सेलचं साधं घड्याळ घेऊन द्या. वायर मीटरभराचीच घ्या, म्हणजे टॅब अंथरुणापर्यंत पोहोचतच नाही. फार लांब आणि बारीक वायरीत वीजही वाया जाते. घरात रांगतं लेकरू असेल तर फोन काढला की वायरही बटन बंद करून काढून ठेवायची सवय लावा, लोंबणारी पिन त्यांच्या तोंडात जायला वेळ लागत नाही.

आपल्याकडच्या उन्हाळ्याबद्दल मात्र थोडं जास्त सांगावं लागेल. ॲपल काय, सॅमसंग काय, दोघेही सांगतात की उपकरण ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरा. आपल्याकडे मे महिन्यात टिनाच्या घरात दुपारी किती असतं हे तुम्हाला सांगायला नको. अशा वेळी टॅब चार्जिंग मध्येच थांबवतो किंवा मुद्दाम हळू करतो. तोही पोराचा दोष नाही, चार्जिंग त्याने पाहून पाहून संपवलेलं नसतं. उन्हाळ्यात चार्जिंग पहाटे करा, जाड कव्हर काढून करा, कूलरच्या हवेला ठेवा पण पाण्याच्या शिंतोड्यात नको. मृगाच्या आधी विजा कडाडू लागल्या की चार्जर बोर्डातून काढून ठेवा, बटन बंद केलं एवढ्यावर राहू नका.

लाईन जाते म्हणून पॉवर बँक घ्यायची असेल तर १०,००० एमएएच या मोठ्या अक्षरांवर जाऊ नका. मागे लहान अक्षरांत 'रेटेड कपॅसिटी' असते, ती साधारण सहा-साडेसहा हजार भरते. म्हणजे तिच्यावर फोन एकदा पूर्ण भरेल, मोठा टॅब तेवढाही नाही. घरी वायफाय असेल तर त्याच्या राउटरला छोटा यूपीएस बसवा. कित्येकदा क्लास बुडतो तो राउटर बंद पडल्यामुळे, टॅबमध्ये चार्जिंग असतानाही. अमरावती-अकोल्याला शिकायला जाणारी मुलं एसटी स्टँडवर, रेल्वे स्टेशनवर कुठल्याही यूएसबीच्या तोंडाला फोन लावतात. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या पुस्तिकेतही त्यातून माहिती चोरली जाण्याचा इशारा आहे. बॅगेत आपला चार्जर असू द्या आणि विजेच्या साध्या बोर्डालाच लावायला सांगा.

चार्जिंगचं झालं, आता त्याच टॅबवरच्या टायपिंगचं बघूया. पोरगं टॅब मांडीवर घेऊन, मान खाली घालून, एका अंगठ्याने काचेवर लिहीत बसतं आणि आपण ओरडतो, "सरळ बस!" सरळ बसायला टॅब उभा राहायला हवा आणि हात मोकळे हवेत. म्हणून आधी एक मजबूत स्टँड, मग कीबोर्ड. कीबोर्ड जोडला की टॅबवर बघत राहण्याऐवजी काहीतरी लिहावंसं वाटतं, हे मी बऱ्याच मुलांमध्ये पाहिलं आहे. अक्षरावरून रोज बोलणी खाणाऱ्या मुलाला तर आपलं लिहिलेलं नीटनेटकं दिसतं याचाच आनंद होतो. बोर्डाचा पेपर हातानेच लिहायचा असतो, त्यामुळे वही सोडायची नाही, एवढं त्याच्याशी प्रेमाने बोलून ठेवा.

वायरचा कीबोर्ड स्वस्त पडतो, ओटीजीची छोटी पिन लावली की चालतो. पण टॅबला तोंड एकच. कीबोर्ड लावला तर चार्जर लावता येत नाही. तास-तास क्लास असलेल्या घरात म्हणून ब्लूटूथचा बरा. घडीचे, इवलेसे कीबोर्ड दिसायला गोड असतात, दहावी-बारावीच्या मुलाची बोटं त्यावर एकमेकांत अडकतात. घ्यायला जाताना टॅब सोबत न्या, दुकानातच जोडा आणि पोराला त्याचं नाव, 'ज्ञानेश्वर', 'कृष्णा', 'पळस' असे शब्द मराठीत टाईप करून बघायला सांगा. इंग्रजी सगळ्यांवर येतं, मराठी सगळ्या टॅबवर सारखं येत नाही.

शिकवायचंच तर मराठी इनस्क्रिप्ट शिकू द्या. हा आराखडा भारतीय मानक ब्युरोच्या १९९१ च्या मानकात आहे. स्वर आणि मात्रा बहुतेक डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, आणि एकदा बोटं बसली की त्याच जागांवर हिंदीही येतं. राज्य परीक्षा परिषदेच्या संगणक टंकलेखन परीक्षेत मराठीला मिनिटाला ३० शब्दांचा वेग लागतो, लिपिक-टंकलेखकाच्या सरकारी जागेलाही तेवढाच. परीक्षेत कोणता आराखडा चालेल ते आपल्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये आधी विचारून घ्या. टायपिंगसोबत माउसचाही सराव हवा, कारण जेईई मेन आणि एमएचटी-सीईटी संगणकावर असतात. ज्याने आयुष्यभर काचेवर बोट फिरवलं त्याचा हात परीक्षेच्या दिवशी माउसवर चाचपडतो. टॅबला जोडता येणारा एक साधा माउस घ्या आणि सराव टेस्ट त्यावर सोडवू द्या. एवढ्या सगळ्या सामानात पैसे कमी पडत असतील तर मी आधी चार्जर, मग स्टँड, मग माउस, शेवटी कीबोर्ड अशा क्रमाने घेईन. काचेवर लिहायचं पेन मात्र आत्ता नको.

आज रात्री जेवणं झाली की घरातले सगळे चार्जर आणि वायरी टेबलावर काढा. फोनच्या कॅमेऱ्याने मोठी करून त्यांच्यावरची अक्षरं पोराला वाचायला लावा, वॅट काढायला सांगा, ज्यावर नंबर नाही किंवा ज्याची वायर उघडी पडली आहे ते वेगळं ठेवा, आणि उरलेल्यांतला सगळ्यात चांगला त्याच्या टॅबला द्या.