मसाल्यात पाणी कमी, स्लॅबवर भरपूर

स्लॅबची तारीख धरलीस ना, मग आता माझं नीट ऐक, बाई. जावईबापू शेतात असले की मिस्त्रीसमोर तुलाच उभं राहायचंय. घाबरू नकोस, पण हटूही नकोस.

सगळ्यात आधी पाण्याकडे बघ. मसाला घट्ट असला की पसरवायला जोर लागतो, म्हणून माणसं मिक्सरमध्ये हळूच आणखी एक बादली ओततात. तिथंच अडव. एम-२० चा माल असेल तर ५० किलोच्या पोत्यामागे ३० लिटरच्या वर पाणी नको, आणि रेती ओली असली तर त्याहूनही कमी. जास्तीचं पाणी उडून जातं, मागे बारीक भोकं राहतात आणि आपल्या गोंदियाचा पाऊस त्यातूनच सळईपर्यंत पोचतो. मग गंज, मग पोपडे. घट्ट माल नीट बसवायला व्हायब्रेटर असतो, तो आधीच सांगून ठेव.

रेती वैनगंगेची आहे म्हणून डोळे झाकून घेऊ नकोस. काचेच्या ग्लासात पाणी घालून हलव, थोडा वेळ ठेव. वर गाळाचा जाड थर बसला तर ती धुवायला लाव.

माल पडायच्या आधी स्वतः वर चढ. जाळीखाली २० मिलिमीटरचे कव्हर ब्लॉक हवेत, गिट्टीचे तुकडे नाहीत. आणि छज्जा! त्याचं मुख्य लोखंड वरच्या अंगाला असतं. घमेली वाहणाऱ्यांच्या पायांनी ते खाली दबलं तर छज्जा कोसळूही शकतो. वरच्या सळयांखाली लोखंडी खुर्च्या लावून घे. सळई किती, जाडी किती, हे इंजिनीअरलाच विचार, शेजारचं घर बघून ठरवू नकोस.

नवतप्यात काम आलं तर पहाटेच सुरू करा, नाहीतर उन्हानं वरचा थर सुकून तडे जातात. माल घट्ट झाला की पाळी घालून, रोवणीला बांधी भरतो तसं पाणी भरून ठेव. बीमच्या बाजूंना ओली बोरी गुंडाळ, पाणी न टिकणाऱ्या जागी तणस अंथरून भिजव. पीपीसी सिमेंटला किमान १० दिवस, आपल्या उन्हाळ्यात १४.

ठेकेदाराला प्लेटा दुसऱ्या साइटवर न्यायची घाई असते. बीमखालचे टेकू १४ दिवसांच्या आत काढू देऊ नकोस, लांब बीमला तर आणखी थांबावं लागतं. इसार देतानाच हे दिवस कागदावर लिहून घे.