गोळी कंबरेची, घाव पोटात

आमच्या रात्रीच्या वर्गात एक मावशी येतात. वय साठीच्या पुढे. सारा जन्म कांद्याच्या लागणीत गेला. दिवसभर वाकायचं, संध्याकाळी कंबर धरायची. मग दुकानातून दुखण्याची गोळी आणायची. सकाळी एक, रात्री एक. असं दोन वर्षं चाललं.

पुढं मावशींना दम लागू लागला. चार पावलं चालल्या की बसायच्या. आशाताईंनी त्यांना आरोग्य केंद्रात नेलं. अंगात रक्त फार कमी निघालं. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. "या गोळ्यांनी शौचाला काळं होतं, घाबरू नका," असं आशाताईंनी सांगितलं होतं. ते खरंच आहे. मावशींना काळं होऊ लागलं, आणि त्या घाबरल्या नाहीत. दुखण्याच्या गोळीचं मात्र त्यांनी कुणाला सांगितलंच नाही. कुणी विचारलंही नाही!

एका सकाळी त्या अंगणात चक्कर येऊन पडल्या. मोठ्या दवाखान्यात दुर्बिणीतून पोट पाहिलं. जठरात जखम होती. तिच्यातून रक्त झिरपत होतं. अंगातलं रक्त कमी झालं होतं ते तिच्यामुळेच.

गोळी कंबरेची, मग जखम पोटात कशी? आपल्या जठरात अन्न जिरवणारं कडक आम्ल असतं. ते जठरालाच जाळत नाही, कारण जठराला आतून एक बुळबुळीत थर असतो. आपण जमीन सारवतो, तसंच हे सारवण. शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाचा पदार्थ तयार होतो. तो हे सारवण चालू ठेवतो. पण दुखऱ्या जागी सूज आणि ठणका आणतो तोही हाच. अॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही औषधं तो पदार्थ तयार होऊ देत नाहीत. ठणका थांबतो, आणि सारवणही थांबतं. हे कोडं इंग्लंडच्या जॉन व्हेन यांनी १९७१ साली उलगडलं. १९८२ साली त्यांना त्यासाठी नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

कुणी म्हणतं, "मी सुई घेतो, पोटाचा प्रश्नच नाही." तसं नाही. औषध रक्तातून फिरून जठरापर्यंत पोचतंच. जेवून गोळी घेतली तर जळजळ कमी होते, पण जखमेचा धोका टळत नाही. वय जास्त, आधी अल्सर झालेला, रक्त पातळ करणारं औषध चालू, किंवा दारूची सवय, अशांना धोका अधिक.

या गोळ्या मूत्रपिंडालाही त्रास देतात. आपल्याकडची गिधाडं कुठं गेली? डायक्लोफेनॅक टोचलेली जनावरं मेली, गिधाडांनी ती खाल्ली, आणि मूत्रपिंड निकामी होऊन तीही मेली. २००६ साली जनावरांसाठी ते औषध बंद करण्यात आलं.

आता शक्तीच्या गोळ्या. भाजीतली हळद, फोडणीतला लसूण याला आमची हरकत नाही. पण हळदीच्या, लसणाच्या, माशाच्या तेलाच्या कॅप्सूल मोठ्या मात्रेत घेतल्या, तर रक्त गोठायला वेळ लागू शकतो. जोडीला अॅस्पिरिन असेल तर जखम जास्त वाहते. ज्येष्ठमध पोटाला बरं म्हणून रोज भरपूर खाल्लं, तर रक्तदाब वाढतो. आणि बाजारातल्या सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्या? एका दिवसात गुण येतो, तेव्हाच शंका घ्यावी. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं आढळलं आहे.

मग दुखलं तर काय घ्यावं? साध्या दुखण्याला पॅरासिटामॉल पोटाला सौम्य आहे. पण जास्त झालं तर यकृत बिघडतं. धडधाकट मोठ्या माणसानं ५०० मिलिग्रॅमच्या आठ गोळ्यांपलीकडे चोवीस तासांत जाऊ नये. दारू पिणाऱ्यानं आणि काविळीच्या रोग्यानं डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. सर्दीच्या गोळीतही बहुधा हेच औषध असतं, तेही मोजावं. पावसाळ्यात ताप आला तर डेंग्यूची शंका असते. तेव्हा अॅस्पिरिन, आयबुप्रोफेन नको, रक्तस्राव वाढतो. डॉक्टरांनी हृदयासाठी अॅस्पिरिन दिलं असेल, तर मात्र ते आपल्या मनानं सोडू नये.

डांबरासारखं काळं, चिकट, घाण वासाचं शौच झालं, किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. लोहाची गोळी चालू असली तरी गाठा. सोबत चक्कर असेल तर एक तासही थांबू नका.

पाकिटावरची नावं बहुधा इंग्रजीत असतात. औषधवाल्याला वाचायला सांगा, आणि आपल्या वहीत मराठीत उतरवून घ्या. मावशींनी तसंच केलं. परवा त्या डॉक्टरांकडे गेल्या ती वही घेऊन. डायक्लोफेनॅक हा शब्द त्यांनी दोनदा खोडून तिसऱ्यांदा नीट लिहिला आहे. कंबर अजून दुखते. रात्री गरम पाण्यानं शेकतात, आणि निवडायला बसताना खाली पाट घेतात.