ब्रिटनचा वर्क व्हिसा: इथे ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ चालत नाही

मुलाला ब्रिटनमधल्या नोकरीची आशा दिसू लागली की आईवडिलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: “आयईएलटीएसला किती बॅण्ड लागतात हो?” प्रवेश परीक्षांच्या कटऑफवर वाढलेल्या घराला एक आकडा हवा असतो. आकडा आहे, आणि तो ऐकून बहुतेकांचा जीव भांड्यात पडतो. स्किल्ड वर्कर व्हिसासाठी पहिल्यांदा अर्ज करणाऱ्याला ८ जानेवारी २०२६ पासून इंग्रजीची बी-२ पातळी दाखवावी लागते. आयईएलटीएसच्या हिशेबात म्हणजे ५.५. त्याआधी बी-१ पुरत असे, म्हणजे फक्त ४. एवढ्याशा बदलाने काय होणार, असं वाटतं खरं, पण उमेदवार अडकतात ते आकडा मोठा आहे म्हणून नव्हे.

आपल्याकडे दहावीच्या निकालात ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ आलं आणि नको तो विषय टक्केवारीतून बाजूला ठेवायची सोय झाली. गणिताने दगा दिला तर भाषेने सावरायचं. व्हिसाच्या परीक्षेत नेमकं उलटं आहे. ऐकणं, वाचणं, लिहिणं आणि बोलणं या चारही भागांत स्वतंत्रपणे ५.५ हवेत. समजा एकाला ऐकण्यात ७, वाचनात ६.५, बोलण्यात ६.५ आणि लिहिण्यात ५ मिळाले. सरासरी येते ६.२५, आयईएलटीएस ती पुढच्या अर्ध्या बॅण्डला नेऊन ६.५ छापतं. घरात पेढे वाटले जातात. व्हिसासाठी मात्र हा मुलगा नापास आहे, कारण लेखनात अर्धा बॅण्ड कमी पडला. तेव्हा क्लास लावण्याआधी एक सराव परीक्षा पूर्ण वेळ लावून द्यावी आणि चारांतला सर्वांत कमी आकडा तेवढा बघावा. पुढचे महिने त्या एका आकड्याचे आहेत. बरेच क्लास चारही भागांना सारखे तास वाटतात, त्यांना ते सोयीचं असतं. तुम्ही तसं करायचं कारण नाही.

मराठी मुलांचा हा सर्वांत कमी आकडा पुष्कळदा लेखनाचा निघतो, आणि मला त्यात दोष शाळेतल्या निबंधाचा वाटतो. ‘आजच्या आधुनिक युगात’ने सुरुवात, मधे एखादा सुविचार, शेवटी ‘म्हणूनच म्हटले आहे’. तोच साचा इंग्रजीत उतरतो. परीक्षेत तासाभरात दोन लेख लिहायचे असतात: पहिला किमान १५० शब्दांचा, दुसरा किमान २५०. दुसऱ्याचं वजन पहिल्याच्या दुप्पट, तरीही मुलं पहिल्यातच अर्धा तास घालवतात. परीक्षक काय बघतो? विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलं का, परिच्छेद एकमेकांना धरून आहेत का, शब्द नेमके आहेत का, व्याकरण सांभाळलंय का. ‘शहरांत मोटारींना बंदी घालावी, तुम्ही कितपत सहमत आहात’ असं विचारल्यावर प्रदूषणाचे दुष्परिणाम पानभर लिहिले तर भाषा सुरेख असूनही गुण जातात, कारण तुम्ही सहमत आहात की नाही हे कुठेच सांगितलेलं नसतं. पाठ केलेली भारदस्त वाक्यं परीक्षकाला लगेच ओळखू येतात. ती काढून टाका. आपल्या भाषेत ‘अ’ आणि ‘द’ या उपपदांसारखं काही नाही, त्यामुळे ती गळतात किंवा भलत्या जागी बसतात. रोज एक परिच्छेद लिहून फक्त ती उपपदं तपासायची, हा कंटाळवाणा उद्योग आहे. पण फळ देतो.

बोलण्याची धास्ती मात्र अनाठायी असते. ११ ते १४ मिनिटांची मुलाखत असते आणि उच्चार साहेबासारखे असावे लागत नाहीत. ऐकणाऱ्याला कळलं पाहिजे, एवढंच. मराठी माध्यमातून आलेली मुलगी ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ सारखेच उच्चारते म्हणून तिचे बॅण्ड कोसळत नाहीत. ते घसरतात एका वाक्यात उत्तर देऊन गप्प बसल्याने. ‘तुम्हाला स्वयंपाक आवडतो का?’ ‘हो.’ पुढे शांतता. तिच्या आईला ती पिठलं कसं करते हे दहा मिनिटं सांगू शकते, मग परीक्षकाला दोन मिनिटं का नाही?

ऐकण्याच्या पेपरात ध्वनिफीत एकदाच लागते. ‘दोनपेक्षा जास्त शब्द नकोत’ अशी सूचना असताना तीन शब्द लिहिले की उत्तर बरोबर असूनही शून्य. स्पेलिंग चुकलं तरी शून्य. ४० पैकी साधारण २३ बरोबर आले की ६ बॅण्ड मिळतात, म्हणजे हा पेपर कठीण नाही, काटेकोर आहे.

आता परीक्षेच्या नावाकडे येऊ, कारण पैसे वाया जातात ते इथे. साधी आयईएलटीएस या व्हिसाला चालत नाही. ‘आयईएलटीएस फॉर यूकेव्हीआय’ लागते. प्रश्न त्याच धर्तीचे असतात, पण केंद्र ब्रिटिश गृहखात्याने मान्य केलेलं असतं आणि ओळखपत्राची तपासणी व बंदोबस्त कडक असतो. शेजारच्या ताईने कॅनडासाठी दिलेली परीक्षा तिच्या कामाची होती, तुमच्या नाही. पिअर्सनची ‘पीटीई अकॅडमिक यूकेव्हीआय’ही चालते, तिच्यात बी-२साठी प्रत्येक कौशल्यात ५९ गुण हवेत. तिथे माणसाऐवजी माइकसमोर बोलायचं असतं. समोर माणूस दिसला की गडबडणाऱ्या मुलांना ती सोपी जाते. मान्य परीक्षांची यादी ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येते. एजंटच्या व्हॉट्सअ‍ॅपवरचं चित्र म्हणजे यादी नव्हे.

एवढा बंदोबस्त का, तर त्यामागे एक कटू इतिहास आहे. २०१४ साली बीबीसीच्या ‘पॅनोरामा’ कार्यक्रमाने ब्रिटनमधल्या काही केंद्रांवर टोइक या परीक्षेत चालणारी फसवणूक दाखवली: खऱ्या उमेदवाराच्या जागी दुसराच बसायचा, उत्तरं मोठ्याने वाचून दाखवली जायची. त्यानंतर परीक्षा घेणाऱ्या ईटीएस या संस्थेने ब्रिटनमध्ये झालेल्या ५८,४५८ परीक्षा तपासल्या आणि त्यांतल्या ९७ टक्के अवैध किंवा संशयास्पद ठरवल्या. हजारोंचे व्हिसा गेले. आपण निर्दोष असल्याचं सांगत अनेक विद्यार्थी वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवत राहिले, आणि त्यांत भारतीयही होते. आज अर्जात परीक्षेचा क्रमांक भरावा लागतो आणि गृहखातं निकाल थेट ऑनलाइन पडताळतं. ‘बॅण्डची व्यवस्था करून देतो’ म्हणणाऱ्याच्या कागदाला म्हणूनच काडीची किंमत नाही. उलट अर्जात फसवणूक सापडली तर दहा वर्षांची प्रवेशबंदी येऊ शकते.

परीक्षा द्यायचीच आहे का, हाही प्रश्न विचारून घ्यावा. इंजिनीअरिंग, फार्मसी यांसारखी पदवी इंग्रजीतून झाली असेल तर एक्टिस या ब्रिटिश संस्थेकडून दोन गोष्टी प्रमाणित करून घेता येतात: तुमची पदवी तिथल्या बॅचलर किंवा त्यावरच्या पदवीच्या तोडीची आहे, आणि ती इंग्रजीतून शिकवली गेली. ते प्रमाणपत्र असेल तर परीक्षेची गरज उरत नाही. कॉलेजने लेटरहेडवर लिहून दिलेलं ‘मीडियम ऑफ इन्स्ट्रक्शन’चं पत्र एकटं पुरत नाही, ते एक्टिसच्या फायलीत जातं. डिप्लोमावाल्यांना ही वाट नाही, कारण पदवीच लागते. पदवी ब्रिटनमध्येच घेतली असेल तर प्रश्नच मिटला.

नर्सिंगच्या मुलींचा हिशेब वेगळा आहे. तिथल्या नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिलला आयईएलटीएस अकॅडमिकमध्ये एकूण ७, वाचन, ऐकणं आणि बोलण्यात प्रत्येकी ७ आणि लेखनात ६.५ लागतात. किंवा ओईटी ही आरोग्यसेवकांसाठीची परीक्षा चालते, तिथे लेखनात सी-प्लस आणि बाकी तीन भागांत बी. कौन्सिलने हे मान्य केलं की व्हिसासाठी पुन्हा परीक्षा नाही. ५.५चं ऐकून निर्धास्त झालेल्या नर्सला हे आधी कळलेलं बरं. माझं मत विचाराल तर तिने ओईटी घ्यावी. रुग्णाला दुसऱ्या ठिकाणी पाठवतानाचं पत्र लिहिणं तिच्या रोजच्या कामाचं आहे, शहरातल्या मोटारींवरचा निबंध नाही.

इतरांसाठी ‘आयईएलटीएस फॉर यूकेव्हीआय’ची अकॅडमिक किंवा जनरल ट्रेनिंग, कोणतीही परीक्षा चालेल. जनरलचं वाचन सोपं असतं म्हणून लोक तिकडे धावतात. पण वाचनात ६ बॅण्डसाठी अकॅडमिकला ४० पैकी साधारण २३ बरोबर लागतात आणि जनरलला ३०. फुकट काहीच मिळत नाही.

आणि इंग्रजी जमलं म्हणजे व्हिसा मिळाला असंही नाही. २२ जुलै २०२५ पासून सर्वसाधारणपणे पदवीच्या पातळीचीच कामं या व्हिसाला पात्र आहेत, पगाराची सर्वसाधारण मर्यादा वर्षाला ४१,७०० पौंड झाली आहे, आणि परदेशातून केअर वर्कर भरती करणं बंद झालं आहे. वृद्धाश्रमातली नोकरी दाखवून आजही कोणी पैसे मागत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवा. नोकरी देणाऱ्या कंपनीकडे गृहखात्याचा स्पॉन्सर परवाना असावा लागतो, आणि परवानाधारकांची यादीही सरकारी संकेतस्थळावर आहे. नाव शोधायला पाच मिनिटं लागतात.

वेळेचं गणित असं मांडा. परीक्षेचा निकाल दोन वर्षं ग्राह्य असतो. कंपनीने दिलेलं सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप मात्र तीन महिन्यांतच वापरावं लागतं. ते हातात आल्यावर परीक्षेची तारीख शोधायला निघालात आणि लेखनात अर्धा बॅण्ड हुकला, तर दुसऱ्या प्रयत्नाला सवड राहत नाही. मुलाखती सुरू होतानाच परीक्षा देऊन टाकावी.

नोंदणी करताना पासपोर्ट समोर ठेवा. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर वेगळा क्रम, आणि लग्नानंतर आडनाव बदललेल्या मुलीच्या कागदांवर तर दोन-दोन नावं. परीक्षेच्या अर्जात पासपोर्टवर आहे तसंच, अक्षरन् अक्षर नाव भरायचं आणि केंद्रावर तोच पासपोर्ट न्यायचा. तो बदलायचा असेल, किंवा लग्नानंतरचं नाव त्यावर चढवायचं असेल, तर ते काम परीक्षेच्या नोंदणीआधी उरकून घ्या.