काळं इंजिन, पांढरे डाग

प्रश्न : कोथरूडमधल्या आमच्या जुन्या वर्कशॉपमध्ये वडिलांचं किर्लोस्कर डिझेल इंजिन आहे. फोटोत ते एकतर काळंकुट्ट दिसतं, नाहीतर घासलेल्या भागांवर पांढरे डाग येतात. काय करावं?

उत्तर : फ्लॅश आणि ट्यूबलाइट आधी बंद करा. वर्कशॉपचं शटर अर्धं उघडून बाजूने येणारा उजेड घ्या. झळाळी फार वाटली तर दारात पांढरा पंचा टांगा. ट्रायपॉड, आयएसओ १००, एफ/८. एकाच चौकटीचे कमी, मध्यम आणि जास्त एक्स्पोजरचे तीन फोटो रॉमध्ये काढून नंतर जोडा. पोलरायझर रंगावरची, तेलाच्या थरावरची चमक कमी करतो, उघड्या धातूवरची नाही. तिथे कोनच बदलावा लागतो.

एडिटिंगमध्ये क्लॅरिटी जपून वापरा. ती वाढवली की बिडाचा खरबरीतपणा खोटा वाटू लागतो. गंज मुळीच पुसू नका.

नावपट्टीचा फोटो वेगळा घ्या, टॉर्च अगदी तिरपी धरून. झिजलेले आकडेही उठून दिसतात. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ची. तुमचं इंजिन त्यानंतर नेमकं कधीचं, हे शोधताना त्या पट्टीवरचा क्रमांकच कामी येईल.